बारा तासांची पाळी, चार तासांची अंगणवाडी



अनुताई वाघांच्या स्मरणार्थ बोलायला उभा राहिलेला वक्ता एकदा कोसबाडच्या टेकडीवर चढला की सहसा खाली उतरत नाही. ती टेकडी आहेच तशी. मीही तिथे जाणार आहे, पण लवकर परत येईन. कारण मला बोलायचंय ते भोसरीबद्दल. लांडेवाडी, गवळीमाथा, बालाजीनगर, शांतीनगर, दिघी रोड. या भागातल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सरकार काय देतं, आणि जे देतं ते त्याच्यापर्यंत पोचतं का, एवढाच आजचा विषय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कुणाला ताटकळावं लागणार नाही. भोसरीतल्या अंगणवाडीची स्पर्धा गल्लीतल्या इंग्रजी नर्सरीशी आहे, असं सगळे धरून चालतात. माझ्या मते तिची स्पर्धा आहे ती घरातल्या नऊ-दहा वर्षांच्या मोठ्या बहिणीशी. आई-बाप पाळीवर गेल्यावर धाकट्याला जी सांभाळते, ती. दिवसाकाठी चार-साडेचार तास उघडी राहणारी अंगणवाडी या बहिणीची जागा घेऊ शकत नाही. म्हणून मूल कधी येतं, कधी येत नाही, आणि बहिणीची शाळाही बुडते ती वेगळीच.

ही गोष्ट ताराबाई मोडक आणि अनुताईंना फार आधी कळली होती. अनुताई आपल्याच जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. जन्म 1910 चा. बालवयात लग्न आणि लगोलग वैधव्य; त्यानंतर जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवू लागल्या. 1945 मध्ये बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या. ताराबाईंच्या गाठीला तेव्हा गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला केलेलं काम होतं, 1926 मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाचा अनुभव होता. माँटेसोरींची पद्धत त्यांना पाठ होती. पण बोर्डीच्या पाड्यांवरची मुलं बालवाडीच्या इमारतीकडे फिरकेनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. शंख, शिंपले, बिया, पानं हीच साधनं.

हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. भाषणांतून येतं, पाठ्यपुस्तकांतून येतं. पुढचं मात्र आपण विसरतो. कोसबाडला त्यांनी विकासवाडी नावाचा प्रयोग केला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच ठिकाणी. मोठी मुलगी शाळेत यायची तर तिच्या कडेवरचं मूल कुठेतरी ठेवायला हवं. ते पाळणाघरात ठेवलं की मधलं बालवाडीत बसतं आणि थोरली वर्गात बसते. एका घरातली तीन मुलं एकाच वेळी मार्गी लागतात. आदिवासी पाड्यावर सुचलेला हा हिशेब आज कारखानदारीच्या गावाला जसाच्या तसा लागू पडतो.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. देशभरात 33 प्रकल्प. सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आरोग्य-आहाराचं शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. योजना मोठीच होती, जगात इतक्या आवाक्याच्या योजना फार थोड्या. पण विकासवाडीतल्या तीन खोल्यांपैकी मधली तेवढी आपण उचलली. पाळणाघर तिथेच राहिलं. शाळा गेली शिक्षण खात्याकडे आणि अंगणवाडी महिला व बालविकासाकडे. पुढची पन्नास वर्षं ही दोन खाती एकमेकांना पत्रं पाठवत आहेत.

आता भोसरीकडे येऊ. भैरवनाथाचं गाव, कुस्तीचं गाव, बैलगाड्यांच्या शर्यतींचं गाव. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि भोसरीच्या शिवाराचे भूखंड पडले. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 17 लाख 27 हजारांवर गेली होती. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण अंगणवाडीची मंजुरी लोकसंख्येवर मिळते: 400 ते 800 लोकवस्तीमागे एक. माणसं रोज येतायत लातूर, नांदेड, बीड, यवतमाळहून, बिहार-उत्तर प्रदेशातून, आणि मोजदाद अजून जुनीच धरलेली. ज्या वस्तीत चार खोल्यांच्या जागी आता चाळीस खोल्या झाल्या, तिथे सेविका कागदावर तेवढीच राहिली.

या मुलापुढे सरकारी दारं दोन. एक नागरी प्रकल्पातली अंगणवाडी, राज्य शासनाची. दुसरं महापालिकेची बालवाडी, बहुधा पालिकेच्या प्राथमिक शाळेला जोडून. अंगणवाडीत आहार, वजन, लसीकरण असतं, पण जागा नसते. बालवाडीला शाळेची इमारत, मैदान, नळ, संडास मिळतो. मात्र तिचा आणि अंगणवाडीच्या हजेरीपटाचा काही संबंध नाही. एकाच गल्लीतली दोन मुलं दोन वेगवेगळ्या सरकारांची. शहराची हद्द ओलांडून चाकणच्या बाजूला खेड तालुक्यात जा, चित्र निराळं दिसेल. तिथे अंगणवाडी बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषद शाळेच्या आवारात किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत भरते. सरपंचाला ती दिसते, रोज समोरून जाताना दिसते, म्हणून निदान पत्रा गळाला तर बोलणी होतात. भोसरीत ती भाड्याच्या खोलीत. आणि इथे रिकामी खोली म्हणजे काय चीज आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. मंजूर भाड्यात जी खोली मिळते ती घरमालकाला दुसरा भाडेकरू मिळेपर्यंतच मिळते.

अशीच एक खोली मी अलीकडे पाहिली. दहा बाय बाराची, वर पत्रा. एका कोपऱ्यात घरपोच आहाराची पाकिटं थप्पीला लावलेली, त्यावर वजनकाटा, भिंतीला उंची मोजायची पट्टी. खाली सतरंजी, दाराबाहेर चपलांचा ढीग. त्या ढिगात एक लहान मूल एकटंच बसून जोड्या लावत होतं. मला तर वाटलं, दिवसभराचा सर्वांत चांगला पाठ तिथेच चाललाय. आत सेविकाताई गोष्ट सांगत होत्या. त्या मराठीत सांगायच्या, मदतनीस मागून तीच हिंदीत म्हणायच्या, आणि पुढे बसलेली एक चिमुरडी शेजारच्याला ती गोरमाटीत सांगत होती. तीन भाषांचा हा वर्ग कुठल्या नामांकित शाळेने भरवला असता तर त्याचं माहितीपत्रक निघालं असतं.

मग ताईंनी एक डबा काढला. आत ॲल्युमिनियमचे गोल तुकडे, बुश म्हणतात त्यांना. वर्कशॉपमध्ये नाकारलेला माल, कडा घासून गुळगुळीत केलेला. मोठ्यापासून लहानापर्यंत असे आठ-दहा, मुठीएवढ्यापासून अंगठ्याहून जाड तुकड्यापर्यंत, कुणी गिळू शकणार नाही असे. ताईंचे मालक लेथवर आहेत, त्यांनी आणून दिले. मुलं ते क्रमाने लावत होती, एकात एक बसवत होती, नाही बसला तर पुन्हा काढत होती. माँटेसोरींच्या लाकडी दट्ट्यांचा हा भोसरी अवतार. कोसबाडला शिंपले, इथे बुश. ताराबाईंना फार आवडले असते.

हा खेळ किती वेळ चालला? दहा मिनिटं. मग आहार आला, बचत गटाची बाई डबा घेऊन आली. खिचडी वाढायची, फोटो काढायचा, फोन हातात घेऊन पोषण ट्रॅकरमध्ये हजेरी भरायची. तेवढ्यात एक गरोदर बाई नाव नोंदवायला आली. तिच्या मागोमाग कुणीतरी योजनेच्या अर्जाची चौकशी करत. ताईंचा खेळाचा तास तिथेच संपला.

अंगणवाडी शिकवण्यात कमी पडते असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ही दहा मिनिटं डोळ्यांपुढे ठेवावीत. सेविका एक, मदतनीस एक, आणि कामं सहा सेवांची. शिवाय सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, 2024 च्या पावसाळ्यात तर लाडकी बहीण योजनेचे अर्ज. त्या अर्जांसाठी दर अर्जामागे 50 रुपये जाहीर झाले होते. गोष्ट सांगण्यासाठी असा दर कुणी जाहीर केल्याचं ऐकिवात नाही. 2021 मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा वर्तमानपत्रांनी तो रुसवा असल्यासारखं लिहिलं. फोन जुने, ॲप इंग्रजीत, माहिती मात्र रोजची रोज भरायची. परत करतील नाहीतर काय?

मानधनाचं तर काय सांगावं. 2023 च्या अर्थसंकल्पात राज्याने सेविकेचं मानधन 8,325 वरून 10,000 रुपये केलं, मदतनिसाचं 4,425 वरून 5,500. त्याच वर्षी 4 डिसेंबरपासून सेविका संपावर गेल्या आणि तो संप नव्या वर्षातही चालू राहिला. त्याआधी 25 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांच्या खंडपीठाने, सेविका-मदतनिसांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू असल्याचा निकाल दिला. निकाल गुजरातच्या प्रकरणातला, पण फायदा देशभरच्या बायकांचा. तरीही आपण त्यांना मानसेवीच म्हणतो. मान द्यायचा आणि पगार द्यायचा नाही, ही सोय फार जुनी आहे.

मुलांच्या आहाराचा हिशेबही ऐकून ठेवा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं, वर्षाचे 300 दिवस. त्यासाठी 2017 मध्ये ठरलेला दर दर मुलामागे रोज 8 रुपये. भोसरीत हल्ली कटिंग चहालाही एवढे पुरत नाहीत.

आता इंग्रजी नर्सरीबद्दल थोडं. फार नाही, कारण तिला शिव्या घालून झाल्यावर टाळ्या मिळतात आणि प्रश्न तिथेच राहतो. बाप फिटर आहे, आई वायर हार्नेस जोडते, दोघांची मिळून जेमतेम कमाई आहे आणि त्यातून ते महिन्याला फी भरतात. ते मूर्ख नाहीत. नर्सरीत बूट-मोजे असतात, वही असते, वहीत रोज काहीतरी लिहिलेलं असतं. पालकाला ते दिसतं. बुशांचा क्रम लावल्याचं त्याला कुणी दाखवत नाही. 1996 मध्ये आपल्या राज्याने कायदा करून पूर्वप्राथमिकच्या प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती घ्यायला बंदी केली. प्रवेशानंतर त्या मुलाकडून चार तास रेघोट्या आणि आकडे गिरवून घेतात, तिकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही.

असर सेंटर आणि दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठाने आसाम, राजस्थान आणि तेलंगणामधल्या सुमारे 14,000 मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत माग काढला. 2017 मध्ये अहवाल आला. पाचव्या वर्षी शाळेसाठीची तयारी बहुतेक मुलांची अपुरी होती, अंगणवाडीतल्याही, खाजगीतल्याही. अंगणवाडीत खेळ-शिक्षण फारसं होतच नव्हतं, खाजगीत होत होतं ते त्या वयाला न झेपणारं. मुलं इकडून तिकडे ये-जा करत होती: कधी अंगणवाडी, कधी नर्सरी, कधी वय नसताना पहिलीत, मग पुन्हा अंगणवाडी. भोसरीतली कुठलीही सेविका हे ऐकून म्हणेल, त्यासाठी आसामात कशाला जायला हवं होतं? आमच्या रजिस्टरात सकाळी आहाराला अंगणवाडीत आणि दहा वाजता नर्सरीत असलेली मुलं आहेत.

अभ्यासक्रम नाही असंही नाही. राज्याने सेविकांसाठी 'आकार' आणला, तो चांगला आहे. 2022 पासून शाळापूर्व तयारीचं 'पहिले पाऊल' सुरू झालं. त्यात आयांचे गट करायचे, आईने घरी मुलाकडून कृती करून घ्यायच्या. कल्पना उत्तम, पण हा गट भरायचा केव्हा? आई आठच्या पाळीला गेली, ती रात्री आठला येणार. मेळाव्याला आलेल्या आज्या आणि मावश्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यातच बसलेली, कडेवर भाऊ घेतलेली चौथीतली मुलगीही.

मग हात वाढवून काही होतं का? होतं. तामिळनाडूत एक मोठा प्रयोग झाला. 640 अंगणवाड्या घेतल्या, त्यातल्या 320 मध्ये चिठ्ठ्या टाकून एक जादा बाई नेमली, अर्ध्या वेळेची, फक्त मुलांना शिकवण्यासाठी. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड वर्षाने तपासलं. मुलांबरोबर शिकण्या-खेळण्यात जाणारा वेळ दुप्पट झाला होता. गणितात आणि भाषेत मुलं पुढे गेली. आणि जे मला जास्त मोलाचं वाटतं ते हे: जुन्या सेविकेचा वेळ मोकळा झाल्यामुळे आहार-आरोग्याचं कामही सुधारलं, कुपोषण घटलं. नवी इमारत नाही, टॅब्लेट नाही, भिंतींवर कार्टून नाही. एक बाई जास्त. आपल्याकडे पैसा आला की तो आधी रंगाऱ्याकडे जातो.

पण तामिळनाडूची ही बाईसुद्धा भोसरीचा अर्धाच प्रश्न सोडवेल. उरलेला अर्धा घड्याळाचा. 1948 च्या कारखाने कायद्यात कलम होतं: तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. 2017 मध्ये प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आता भोसरीच्या औद्योगिक पेठांमधून एक चक्कर मारा. दहा मशिन, बारा माणसं. वीस माणसं. पॅकिंगला आठ बायका, त्याही ठेकेदाराच्या. कायद्याचा आकडा आणि भोसरीची शेड यांची गाठच पडत नाही. कायदा मोडायची इथे कुणाला गरज नाही, तो बाहेरच्या बाहेर जातो.

बांधकामावरच्या मुलांचं थोडं तरी बरं झालं. मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागीच पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाइल क्रेशेसचं काम उभं राहिलं. पुण्यात आज तारा मोबाइल क्रेशेस तेच काम करते. मोशी-चऱ्होलीकडे टॉवर चढताहेत, तिथल्या काही मुलांना जागेवर पाळणाघर मिळू शकतं, कारण बिल्डर एक असतो आणि जागा एक असते. वर्कशॉपमधल्या बाईचा मालक बारा माणसांचा असतो. तिच्या मुलासाठी कुणी एकटा काही करू शकत नाही.

एकट्याने करू नये, असंच मला सुचवायचंय. समोर उद्योजक बसले आहेत म्हणून सांगतो. औद्योगिक वसाहतींमध्ये सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्रं उभी राहिली, कारण छोट्या कारखान्याला स्वतःचं केंद्र परवडत नाही. कारखान्यांनी वर्गणी द्यायची, जागा महामंडळाने, अनुदान सरकारने. मुलांसाठी हे का होऊ नये? प्रत्येक पेठेत सुविधा भूखंड असतो. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत 2022 पासून अंगणवाडी आणि पाळणाघर एकत्र चालवायची तरतूद आहे, पाळणाघराच्या सेविकेसह. शेजारच्या कर्नाटकाने ग्रामपंचायतींमध्ये रोजगार हमीवरच्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरं उघडली. तिथे रोजगार हमी, इथे ठेकेदारी; आईची अडचण तीच.

महापालिकेकडून अपेक्षा आणखी सोपी आहे. पालिकेच्या शाळांच्या बालवाडीच्या खोल्या दुपारनंतर पुष्कळ ठिकाणी रिकाम्या असतात. भाड्याच्या पत्र्याखालची अंगणवाडी तिथे आणायला काय हरकत आहे? सकाळी बालवाडी, दुपारी अंगणवाडीच्या मुलांचं पाळणाघर, पलीकडच्या वर्गात थोरली बहीण. मी नवीन काही सांगत नाहीये, ही विकासवाडीच आहे. हरकत मला माहीत आहे: खोली पालिकेची, सेविका राज्याची, वीजबिल कुणी भरायचं? या वीजबिलापायी किती मुलं पत्र्याखाली उकडताहेत, ते मे महिन्यात जाऊन पाहावं.

काही मंडळी म्हणतील, मुलांचं शिक्षण हा हक्क सहा वर्षांपासून सुरू होतो. खरं आहे. 2009 च्या कायद्याने हक्क दिला तो सहा ते चौदा वयाला. तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल' एवढंच म्हटलं. 2002 च्या घटनादुरुस्तीनेही सहा वर्षांखालच्यांना मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ठेवलं. 2020 च्या धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनची पाच वर्षं पायाभूत मानली, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

एक गोष्ट मात्र हातात आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. 13 डिसेंबर 2006 ला, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: ज्या गावात किंवा झोपडवस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती सुरू झाली पाहिजे. झोपडवस्ती हा शब्द त्यात स्पष्ट आहे. जनगणनेची वाट पाहा, असं त्यात नाही.

तेव्हा इथे आलेल्या महिला मंडळांना आणि बचत गटांना माझी विनंती आहे. आपापल्या गल्लीची यादी करा. 40 मुलं भोसरीत एका चाळीत निघतील. मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, कुठल्या अंगणवाडीत नोंद आहे की नाही, एवढं लिहून अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. आणि यादीत आणखी दोन रकाने पाडा, सरकारी नमुन्यात नसलेले. एकात आईच्या पाळीची वेळ लिहा. दुसऱ्यात, ती कामावर असताना मूल कुणाजवळ असतं ते.